‘उद्या इचारतो’ म्हणणारा दादा

दादा,

काल तुझं बारावं झालं. सगळे पाहुणे गेले. पांडूमामा तेवढा एक दिवस जास्त राहिला होता, तोही आज सकाळी मुंबईला परतला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग पिशवी उचलून निघाला. आई आत पडून आहे. मी ओसरीवर बसून तुझ्याशी बोलते आहे, कारण या बारा दिवसांत जो तो तुझ्याबद्दल बोलत होता आणि तुझ्याशी कुणीच बोलत नव्हतं.

काय काय बोलत होते लोक. गणपत फार गुणी, गणपत फार सोशिक. तू सोशिक नव्हतास. सोशिक माणूस गप्प बसून राहतो. तू एक दिवस बसला नाहीस. मला ते सांगावंसं वाटत होतं, पण समोर भाताची पानं वाढलेली असताना असलं काय बोलायचं, म्हणून राहिले.

लढाईच्या दिवसांत तू कसा होतास, ते आठवतंय मला. पेट्रोल मिळेनासं झालं आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरच्या मोटारी कोळशावर चालायला लागल्या. मोटारीच्या मागे माणसाएवढं उभं पिंप, त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, पंखा फिरवून फिरवून त्याचा वायू करायचा आणि मग तो इंजिनात सोडायचा. हे काम तुला इतकं आवडायचं की घाटात मोटार बंद पडली तरी तू खूश. घरी यायचास तेव्हा डोळे तेवढे पांढरे दिसायचे. आई पाणी तापवून देत म्हणायची, “आधी त्वांड धू, मग बोल.” आणि तू तोंड न धुताच सांगत बसायचास, आज ओला कोळसा आला, आज धूर कसा काळा निघाला, मग मी काय केलं. आम्हां दोघींना त्यातलं फारसं कळत नसे. पण तुझं बोलणं ऐकत बसणं बरं वाटायचं. वडील गेल्यानंतर घरात एवढं बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मग लढाई संपली. सगळ्या गावाला आनंद झाला, आपल्यालाही झाला. थोड्याच दिवसांत पेट्रोल सुरू झालं. मोटारमालकानं ती पिंपं काढून आवारात टाकून दिली आणि तुला म्हणाला, “गणपत, आता तुझं काम काय उरलं नाय रं.” तू घरी येऊन हे सांगितलंस ते हसतच. म्हणालास, “आई, दुसरं काम बघतो. हातात कसब हाय.”

आपल्याला कुणालाच वाटलं नव्हतं की त्या बघण्याला दोन वर्षांवर काळ लागेल.

वडिलांच्या वाट्याला शेत आलं नव्हतं. ते खालापूरच्या शाळेत शिपाई होते, म्हणून मला सातवीपर्यंत शिकता आलं आणि मुलींच्या शाळेत शिकवायची जागा मिळाली. कुंभिवलीहून खालापूरला मी रोज चालत जायचे आणि पहिले काही महिने तू माझ्यासोबत निघायचास. सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून. कापड कंट्रोलवर, रेशनसारखं मोजून मिळायचं, बरा असा सदरा तुझ्याकडे एकच. तो मी संध्याकाळी धुवायचे आणि पावसाळ्यात चुलीवर धरून वाळवायचे. तू म्हणायचास, “काम मागनारा मानूस गबाळा दिसला तर लोक काम नाय देत, भीक देत्यात.”

शाळेच्या वळणावर आपण वेगळे व्हायचो. तू कधी मामलेदार कचेरीत, कधी खोपोलीच्या वीजघरावर, कधी कर्जतला रेल्वेच्या शेडमध्ये. कल्याणच्या लष्करी छावणीपर्यंत जाऊन आलास, तर तिथं छावणीच मोडायला काढलेली. जिथं जाशील तिथं दहा जणांच्या जागेला दोनशे उभे. लढाईवरून परतलेल्यांना आधी घेणार, असं सगळीकडे सांगायचे. तू लढाईवर गेला नव्हतास. तुझ्या त्या पिंपांमुळे लष्कराचा माल घाट चढला होता, पण ते कोण धरतो.

संध्याकाळी आई दारातच विचारायची, “काय झालं रं आज?”

“आज नाय म्हनाले. उद्या इचारतो.”

हे तू इतक्या सहज म्हणायचास की मला सुरुवातीला तुझा राग यायचा. वाटायचं, याला लागत कसं नाही? जेवताना तू दिवसभराच्या माणसांच्या गोष्टी सांगायचास. शेडच्या दारावरचा पहारेकरी कसा खोकला की आधी मिशा पुसतो, वीजघरातला कारकून ‘नाही’ म्हणायच्या आधी चष्मा कसा काढतो. आई हसायची. ती हसावी म्हणूनच तू सांगायचास, हे मला उशिरा कळलं. एकदा मी विहिरीवरून परत येत होते, तू वाटेवरच्या करंजाच्या झाडाखाली एकटाच उभा होतास. चेहरा असा, की मी हाक मारली नाही. थोड्या वेळानं तू घरी आलास आणि त्या दिवशीची गोष्ट नेहमीपेक्षा जास्त रंगवून सांगितलीस.

स्वराज्य आलं त्या दिवशीही तू कर्जतला गेला होतास. संध्याकाळी पानात बांधलेले पेढे घेऊन आलास. आईनं सवयीनं विचारलं, तर म्हणालास, “आज कुनीच नाय म्हनालं नाय, आई. आज सगळी हापिसं बंद व्हती.” तिघंही किती हसलो आपण. पेढे खाता खाता आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तू उठून बाहेर गेलास.

आता ती गोष्ट, जी आपण दोघांनी पुन्हा कधी काढली नाही.

नेरळचं स्थळ आलं होतं मला. मालधक्क्यावर कारकून. बघायला आले तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, कोणत्या वर्गाला शिकवता. मी म्हटलं, पहिलीला. ते म्हणाले, सगळ्यात अवघड वर्ग तोच. एवढंच बोलणं. पण मला ते आवडले होते, दादा, आणि तुला ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं. अडचण एकच होती. घर माझ्या पगारावर चालत होतं. मी त्यांना कळवलं, भावाला काम लागेपर्यंत थांबा. ते थांबले. चांगली माणसं होती, बरंच थांबली.

दिवाळीनंतर पांडूमामा निरोप घेऊन आला. मुंबईतल्या एका गिरणीत नवी माणसं घेताहेत, मुकादम ओळखीचा आहे, उद्याच्या उद्या चल. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी तुला वाटेसाठी भाकरी बांधून दिली. तू गेलास आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलास. भाकरीचं फडकं हातात रिकामं.

“घेतलं नाय का?” आईनं विचारलं.

“घेत व्हते,” तू म्हणालास. “मीच नाय गेलो आत.”

गिरणीत संप होता. पांडूमामा दुसऱ्या गिरणीत, त्याला तो प्रकार पुरता ठाऊक नव्हता. मुकादम नव्या माणसांना मागच्या दारानं आत घेत होता. तू रांगेत उभा राहिलास, नंबर जवळ आला, तेव्हा संपावरचा एक माणूस तुझ्याजवळ आला. तू सांगितलंस ते मला शब्द न् शब्द आठवतंय.

“मला वाटलं, आता ह्यो शिव्या देनार. म्या तयारीच ठेवली व्हती. तर त्यानं इचारलं, कुठनं आलास रं? म्या म्हनलं, खालापुरातनं. तर म्हनाला, लांबनं आलास. जेवलास का? आन यमू, तो सोता जेवला नव्हता. त्याच्याकडं बघूनच कळत व्हतं. मग मी भाकरी सोडली आन आमी दोघांनी खाल्ली. त्याच्याबरबर भाकरी खाऊन मग त्या दारानं आत कसा जानार?”

आई ते फडकं घडी घालत बसली. मी बोलले. मी म्हटलं, “आणि आपण? आपण जेवलो का, ते कोण विचारतं? तू नाही गेलास तर तुझ्या मागच्यानं ती जागा घेतली असेल. त्या माणसाचं काय भलं झालं?”

तू खाली बघत म्हणालास, “तुजं बरबर हाय, यमू. पन मला जमलं नाय.”

“माझं काय होणार आहे, ठाऊक आहे ना तुला?”

“हाय ठाव.”

एवढ्यावर ते थांबलं. तू भांडला असतास तर बरं झालं असतं. महिन्याभरात नेरळहून निरोप आला की मुलाचं दुसरीकडे जमलं.

दादा, तू गेलास म्हणून मी आता असं म्हणणार नाही की माझा राग उरला नाही. तो आहे. तुला उचलून नेलं तेव्हाही तो होता. तू केलंस ते योग्य होतं असं मला पुष्कळदा वाटतं. वर्गात मुलींना काही चांगलं शिकवताना तुझीच आठवण येते, कारण दुसरं उदाहरण मी पाहिलेलं नाही. पण त्या योग्य वागण्याची झळ तुझ्यापेक्षा मला जास्त लागली आणि तू ते न बोलता घेतलंस, मीही न बोलता घेतलं. आपण दोघांनी कधीतरी एकदा बसून त्याच्यावर कडाकडा भांडायला हवं होतं. मी तुझ्याकडून काय ऐकणार होते कोण जाणे. पण विचारायचं राहिलं, ते राहिलंच.

त्यानंतर तू जास्तच पेटलास. पहाटेच निघायचास. कर्जतच्या भाताच्या गिरणीत तू पूर्वीपासून जात होतास, कारण तिथलं इंजिन तुझ्या त्या मोटारींसारखंच, कोळशाच्या वायूवर चालणारं. पहिल्याच भेटीत शेठनं सांगितलं होतं की हसनमिस्त्री आहे, दुसरा माणूस नको. तरी तू दर आठवड्याच्या बाजाराला तिथं हजर.

हे मी हसनमिस्त्रींच्या तोंडून ऐकलं, तू कधी सांगितलं नाहीस. शेठ म्हणायचे, “अरे, तू परत आलास?” आणि तू म्हणायचास, “व्हय शेठ, इकडनंच चाललो व्हतो.” मग मिस्त्रींजवळ जाऊन बसायचास, कधी कोळशाची पाटी उचलून द्यायचास. मिस्त्री तुला म्हणाले होते, “माझी जागा हाय ही बाळा. मी मेल्याबिगर तुला नाय मिळायची. कशाला चपला झिजवतोस?” त्यावर तू म्हणालास, “चाचा, जागा नको. नुसतं इंजिन बघू द्या. हात इसरून जातील.”

पुढल्या पावसाळ्यानंतर मिस्त्रींच्या डोळ्यांत सारा आला, दिसेनासं झालं. तेव्हा त्यांनी स्वतः शेठला सांगितलं, आता त्या कुंभिवलीच्या पोराला बोलवा, तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.

त्या संध्याकाळी तू घरी आलास आणि नेहमीसारखा पाटावर बसलास. आईनं वाढलं. तिनं त्या दिवशी काय झालं विचारलंच नाही. तीही थकली होती विचारून. तू दोन घास खाल्लेस आणि म्हणालास, “आई, उद्या लवकर उठव.”

“उद्या कुठं इचारायचं हाय?”

“इचारायचं नाय. कामाव जायचं हाय.”

आई तशीच पळी हातात धरून उभी राहिली. मग चुलीकडे तोंड करून बसली. तू जेवत राहिलास, मान खाली घालून. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. माझा राग त्या घटकेला खरोखरच कुठल्या कुठे गेला होता.

तू कर्जतला गिरणीच्या मागच्या खोलीत राहायला लागलास. सुटीला घरी यायचास. पुन्हा काळा चेहरा, पुन्हा आईचं ‘आधी त्वांड धू’. मला पहिल्या पगारातून लुगडं आणलंस, हिरवं. मी म्हटलं, मला शाळेत पांढरंच बरं. तू म्हणालास, “शाळेत नको नेसू. घरात नेस. कुनी बघायला नसलं तरी नेस.” यातलं तुला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं होतं. तुझी माफी मागायची रीत तीच असणार. मी ते लुगडं नेसले.

हिवताप तुला लढाईच्या वेळेपासूनच होता. घाटाखालच्या कुणाला नाही? यायचा, दोन दिवस हुडहुडी भरायची, जायचा. शेवटच्या सुटीला आलास तेव्हा अंगाला हात लावून बघितलं तर चटका बसला. कोयनेलच्या गोळ्या दिल्या. सकाळी तू उठून सदरा घालायला लागलास.

मी म्हटलं, “एक दिवस राहा. मी शेठना कळवते.”

“नको.”

“दादा, तुला उभं राहवत नाही.”

तू भिंतीला टेकून चपला घातल्यास. मग म्हणालास, “एक दिस राहिलो, तर शेठला दुसरा मानूस दिसंल गं. गिरनीच्या दाराशी रोज किती जन हुबे असत्यात, तुला ठाव नाय. मला ठाव हाय. मी त्यांच्यातनंच आलोय.”

दोन वर्षं जो माणूस दाराबाहेर उभा राहिला, त्याला दाराच्या आत आल्यावर एक दिवस निजून राहा म्हणून कोण पटवणार? आईनं गूळपाणी दिलं. तू ते प्यायलास आणि गेलास. मी शाळेच्या वळणापर्यंत तुझ्यासोबत चालले. वाटेत तुला दोनदा थांबावं लागलं आणि दोन्ही वेळा तू चपलेचा अंगठा नीट करायचं निमित्त केलंस.

तिसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना कर्जतचा माणूस शाळेत आला. मी हातातला खडू टेबलावर टाकला आणि तशीच निघाले.

तू हसनमिस्त्रींच्या घरी होतास. इंजिनाजवळ कोसळलास तेव्हा त्यांनी खाटेवर घालून घरीच आणलं. त्यांच्या बायकोनं तुझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. ताप डोक्यात चढलाय म्हणाले. मिस्त्री पायाशी बसले होते. त्यांना आता माणसाची नुसती सावलीच दिसते, तरी दारात माझी चाहूल लागताच म्हणाले, “आली रं तुझी बहीण, गणपत.”

तू डोळे उघडलेस. मला वाटलं, आईचं विचारशील. तू म्हणालास, “शाळेत कळवलंस का?”

मी म्हटलं, “हो.”

“लेखी?”

“हो दादा, लेखी.”

“न कळवता ऱ्हाऊ नको. जागा जाती.”

मी काहीच कळवलं नव्हतं. पण तुला बरं वाटलेलं दिसलं. डोळे मिटलेस. त्यानंतर तू काही कळण्यासारखं बोलला नाहीस. उजाडायच्या सुमारास मिस्त्रींनी तुझा हात चाचपून बघितला आणि हळूच खाली ठेवला.

परवा मी तुझी ट्रंक आणायला कर्जतला गेले होते. गिरणीचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू आला. तो ऐकून मी तिथंच थांबले. काय अपेक्षा होती, कोण जाणे. भात तर सडून घ्यायचंच होतं लोकांना. आत तुझ्या जागी एक जण काम करत होता. माझ्याच वयाचा असेल. मी कोण ते कळल्यावर तो हात पुसत उभा राहिला आणि त्याला कुठं बघावं कळेना.

“ताई, मी दाराशी असायचो,” तो म्हणाला. “गनपतदादा मला म्हनायचे, शेठ नाय म्हनले तरी येत जा. आन दुपारी त्यांच्यातली भाकरी द्यायचे. मला ही जागा अशी नको व्हती, ताई.”

मी त्याला घरी कोण कोण आहे विचारलं. आई आहे, लहान दोन बहिणी आहेत, म्हणाला. मी म्हटलं, “मग नीट कर काम. आणि अंगात ताप असला की घरी राहा. तुझ्यावाचून एक दिवस गिरणी बंद राहिली तर राहू दे.” त्यानं मान हलवली. पण तो राहणार नाही, दादा. मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

शेठ बाहेर आले. चांगलं बोलले तुझ्याबद्दल. म्हणाले, असा माणूस मिळायचा नाही. मला म्हणावंसं वाटलं, मिळालेलाच होता की, कितीतरी बाजार तुमच्या दारात येत होता. पण त्यांच्यावर चिडून काय उपयोग? त्यांच्या एका गिरणीत साऱ्या तालुक्याला थोडंच काम पुरणार होतं.

ट्रंक हलकी होती. मी ती घेऊन स्टेशनवर आले आणि खोपोलीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले. ऊन चांगलं तापलं होतं. फलाटावर सगळीकडे माणसं कामाला लागलेली, हमाल, पाणीवाला, सिग्नलचा माणूस. आणि मला एकदम जाणवलं की मोठा झाल्यापासून तुला दिवसाउजेडी स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. काम होतं तेव्हा कामावर, नव्हतं तेव्हा त्याच्या मागे. तुला फार काही मिळायला हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. एखादी सुटी तेवढी अशी मिळायला हवी होती. काम हातात आहे, उद्या कुणाच्या दाराशी जायचं नाही, अंगात ताप नाही, आणि तू भरदुपारी ओसरीवर घोंगडी टाकून घोरत पडला आहेस. आई म्हणते आहे, किती निजतोस रं, ऊठ. आणि मी तिला सांगते आहे, निजू दे गं त्याला.